मोठा की लहान

चित्रं काढायचा टॅबलेट घ्यायला पूर्णिमा सासूबाईंसोबत दुकानात आली होती. मोठ्या टॅबलेटवर तिने एक रेघ ओढली, तसा हात खांद्यापासून मोकळा फिरला आणि ती खुदकन हसली. लहान टॅबलेटवर तोच हात आखडला. तरीही ती म्हणाली, "लहानच द्या."

"हसलात तर मोठ्यावर," दुकानदार म्हणाला.

"बिबवेवाडीत दोन खोल्या आहेत आमच्या. टेबल एकच. जेवायच्या वेळी सगळं आवरावं लागतं."

सासूबाईंनी लहान टॅबलेट बाजूला सारला.

"मोठा बांधा, आम्ही खाली बसून जेवू. आणि पूर्णिमा, चित्र अर्धं असेल तर जेवायला उठू नकोस. तुझं ताट मी झाकून ठेवीन."