धनेशचा अर्धा राहिलेला पिक्चर

बसा जरा, आमच्या चौलचीच एक गोष्ट सांगतो. धनेशनं घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर कसलं तरी फुकटचं सॉफ्टवेअर टाकलं होतं. दर महिन्याला पैसे भरायला नको. आपले पिक्चर आपणच त्यात भरायचे आणि टीव्हीवर न्हायतर मोबाइलवर बघायचे. घरातल्या प्रत्येकाचं नाव त्यात, आणि कोण कुठवर बघून थांबला ते नावाखालची रेघ दाखवायची. मासेमारीला गेला की रेंज असेपर्यंत धनेश बोटीवरून त्यातलंच बघायचा.

गेल्या वादळात त्याची बोट परत आलीच न्हाय. त्याच्या आईनं, कृष्णाबाईनं, अन्न सोडलं. टीव्हीसमोर बसून धनेशच्या नावाखालची अर्धी रेघ नुसती बघत राहायची.

एका सकाळी तिनं सुनेला हाक मारली. "अमिषा, रेघ पुढं सरकलीय गो. माझा पोर कुठंतरी बसून बघतोय."

"व्हय आई. आता तरी जेवा."

त्या दिवशी म्हातारी जेवली. तवापासून ती आधी रेघ बघते, मगच ताटावर बसते.

आणि अमिषा रोज न्हाणीचं दार लावून, मोबाइलचा आवाज बंद करून, नवऱ्याच्या नावानं तो पिक्चर थोडा पुढं नेते. आता तो संपत आलाय. धनेशनं दुसरं कायतरी बघायला घेतलं पायजे. तुमच्याकडं पुष्कळ भागांची एखादी मालिका असली तर पेनड्राइव्हात घालून द्या. कसलीबी चालंल, फक्त लवकर संपणारी देऊ नका.