कुलपाचा वेग

"सर, आता नुसतं सुसाट पळतंय," पंचशीला फोनवर म्हणाली. आनंद तिच्या पोटात मावत नव्हता.

शिरूर कासारात बसून तिनं पुण्याच्या सोमेश्वर सरांचा प्रोग्राम पार पालटून टाकला होता. डिस्कवरच्या फायलींना कुलूप घालणारा प्रोग्राम. नव्या प्रोसेसरच्या पोटात या कामाची सोय आयतीच बसवलेली असते, अन् हा जुना बाबा ती वापरतच नव्हता. प्रोसेसरच्या अनेक कोरपैकी, म्हणजे काम करणाऱ्या भागांपैकी, एकाच कोरवर रखडत बसायचा. तिनं सगळ्या कोरना काम वाटून दिलं. कॉम्प्युटरचा पंखा घुरघुरता कामा नये, समोरच्याला कळता कामा नये, ही सरांची अट. तीही पाळली.

"सर, उघडायचंही असंच फास्ट करू का?"

"त्याची घाई नाही. एकदा खऱ्या ठिकाणी चालवून दाखवा. जमलं तर नोकरी पक्की, घरी बसून."

पंचशीलाला एवढंच हवं होतं. नोकरी लागली की आई ऊसतोडीला जाणार नव्हती. आईनं, पारूबाईनं, यंदा कोयत्याला धारसुद्धा लावली नव्हती. "माझी पोरगी लई हुशार हाय," असं गावभर सांगत सुटली होती.

खरं ठिकाण म्हणजे गहिनीनाथ डॉक्टरांचा दवाखाना. पेशंटचे रिपोर्ट चोरीला जाऊ नयेत म्हणून कुलूप हवं, हे डॉक्टरांना लगेच पटलं. कंपनी कोणती, कागद कुठाय, काही विचारलं नाही. आपल्या गावची पोरगी, तिला काय विचारायचं?

"रिपोर्टची जादा कॉपी असलेली डिस्कपण जोडा," तिनं सरांचा निरोप सांगितला. "तिलाबी कुलूप नको का?"

डॉक्टरांनी ती जोडली. काउंटरवर माया पेशंटचे नंबर लावत होती. तिचा चहा संपायच्या आत सगळं उरकलं.

"चालू कधी करणार गं?" मायानं विचारलं.

"झालं बी," पंचशीला म्हणाली अन् तिला हसूच फुटलं. बाहेर येऊन तिनं फोन लावला.

"सर, कुणाला पत्तापण लागला न्हाई. आता तरी सांगा, नोकरी?"

"पक्की, मॅडम," सर म्हणाले. "पगार तुमचे डॉक्टरच देतील. काउंटरच्या स्क्रीनवर किल्लीच्या किमतीचा आकडा आला असेल, तेवढा त्यांना वाचून दाखवा."