मेक्सिकोचा पंखवाला कोल्हा

"ये मेक्सिको का ही है साब, गॅरंटी," दुकानदार हिंदीत म्हणाला आणि त्याने लाकडी उंट काउंटरवर ठेवला.

शर्विलने उंट उलटा केला. पोटावर चीनचा स्टिकर.

"अरे, ये ऊँट है. मेक्सिको में ऊँट होते हैं क्या?"

"तो फिर रंग मार दूँगा. कौन देखने जाता है?"

शर्विलचं डोकंच फिरलं. सौदीतल्या दम्माममधलं हे सातवं दुकान. सकाळपासून बॅग ओढून हात दुखून आला होता. एकाने मेक्सिकन म्हणून पाकिस्तानी फुलदाणी दाखवली. दुसऱ्याने प्लॅस्टिकची मोठी टोपी त्याच्या डोक्यावर चढवून वर फोटोही काढला. तिसऱ्या दुकानात खिडकीत काहीतरी रंगीत दिसलं, तर तो दारापाशी पोचायला आणि नमाजासाठी शटर पडायला एकच गाठ. अर्धा तास उन्हात थांबला. शटर उघडलं. रंगीत वस्तू म्हणजे कपडे धुवायचे ब्रश निघाले.

बरं, शेजारच्या खोबर शहरात शोधायची सोय नव्हती. घर तिथेच, कोणीतरी ओळखीचं भेटलंच असतं. आणि शर्विल आत्ता विमानात होता. म्हणजे घरच्यांच्या हिशेबाने.

पंधरा दिवसांपूर्वी तो बायकोला, सुरुचीला, म्हणाला होता, "कंपनी ट्रेनिंगला मेक्सिकोला पाठवतेय." खरं तर कंपनीने त्याला घरी पाठवलं होतं. ट्रेनिंगला गेला होता त्याच्याच टीममधला इंद्रनील. शर्विल दोन आठवडे अल खफजीला एका मित्राच्या खोलीत जमिनीवर झोपून इंटरव्ह्यू देत होता. इकाम्याचा, म्हणजे सौदीत राहायच्या परवान्याचा, अजून दीड महिना हातात होता. तेवढ्यात नवा कफील, म्हणजे परवान्याची हमी घेणारा मालक, मिळाला नाही, तर सगळा संसार गुंडाळून परत. नोकरी हातात पडली की मग सांगू, असं त्याने ठरवलं होतं. नुसतं "गेली" म्हणून सुरुचीसमोर उभं राहायची त्याची छाती होत नव्हती.

इंद्रनील बाजारातले फोटो पाठवायचा. विणलेल्या चादरी, रंगवलेल्या कवट्या, मातीची भांडी. त्याचे व्हॉइस मेसेज तर संपायचेच नाहीत: "अरे, ती म्हातारी एक पेसो कमी करेना!" शर्विल ते फोटो जसेच्या तसे घरी ढकलायचा. एका फोटोत पंख असलेला लाकडी कोल्हा होता, निळा, अंगभर बारीक ठिपके.

तिथेच घात झाला.

"Papa, I want that fox!" नऊ वर्षांची निवेदिता फोनवर किंचाळली. "संडेला क्लासमध्ये दाखवायचंय. मी टीचरला already सांगितलंय, my papa is in Mexico."

इंद्रनील परत यायला अजून वीस दिवस. संडे उद्यावर. शर्विलचं विमान 'उतरणार' सहा वाजता. आत्ता वाजले होते पाच. कोल्हा नसला, तर पोरीपेक्षा तिची आईच प्रश्न विचारणार, आणि सुरुचीच्या तिसऱ्या प्रश्नाला आपण टिकत नाही हे त्याला लग्नाच्या अनुभवाने माहीत होतं.

फोन वाजला. मुस्तफाचाचा. मूळचे दापोलीचे, दम्माममध्ये तीस वर्षं गिफ्टचं दुकान. शर्विलने गेल्या आठवड्यात फोन करून, घरी बोलू नका असं बजावून, त्यांनाही विचारून ठेवलं होतं.

"काय रे, तुझा तो कोल्हा गावला काय?"

"नाही हो चाचा! या गावात उंट सोडून दुसरं जनावरच नाही!"

"मग बोंबलतोस कशाला? ये इकडं. एक आलाय."

शर्विल धावत गेला. चाचांनी कपाटातून वर्तमानपत्रात गुंडाळलेला पुडा काढला. आत कोल्हा. निळा, पंखवाला, ठिपकेवाला, पायाखाली कारागिराची सही. अगदी फोटोतला भाऊच!

"चाचा, कुठून आणलात?"

"धंद्यातलं सगळं सांगतात काय? कोणासाठी पायजे तुला?"

"ते... ऑफिसातल्या एकासाठी."

"हां. ऑफिसातल्या." चाचांनी पुडा पुन्हा नीट बांधला. पैसे घ्यायलाही फारसे तयार नव्हते. "जपून ने. आणि कुठं थांबू नको आता, थेट घरी जा."

साडेसातला शर्विलने बेल वाजवली. निवेदिताने बॅग उघडायलाही दम धरला नाही.

"Oh my God, same to same! पापा, कोणी बनवला?"

आणि शर्विल सुटला. दिवसभराचा वैताग असा काही उतरला की थापा आपोआप सुचायला लागल्या. "एक म्हातारा होता. झाडाखाली बसून रंगवत होता. मी म्हटलं, माझ्या मुलीसाठी हवाय, तर त्याने एक ठिपका जास्त दिला."

"Which one?"

"हा बघ. शेपटीवरचा."

सुरुची पोळ्या लाटत होती. "भाषा कशी जमली रे?" तिने विचारलं.

"खाणाखुणा. माणसं फार चांगली गं तिथली."

"हो ना. दमला असशील. एवढा लांबचा प्रवास."

दुसरा प्रश्नसुद्धा आला नाही. निवेदिता कोल्हा घेऊन दप्तर भरायला पळाली. जिंकलो, असं मनात म्हणत शर्विल खुर्चीत टेकला आणि त्याने पाण्याचा ग्लास तोंडाला लावला.

सुरुचीने तव्यावरची पोळी उलटली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "उद्या तिला त्याचा डावा कान सांभाळायला सांग. मी मागवलेलं पार्सल परवा उघडताना माझ्याच हातून तुटला. चाचांकडे नेऊन दिला तेव्हा फेविक्विक ओलंच होतं."