जिवंत असल्याचा दाखला

"खेळाला बोलवायच्या माणसांची यादी तूच कर, ताई. मला माणसांची पारख नाही," धाकटा म्हणाला.

तीन वर्षं दोघं बहीणभाऊ हा सिनेमा चोरून करत होते. दिग्दर्शन त्याचं, संकलन तिचं. सरकारच्या कानावर गेलं असतं तर दोघांची रवानगी तुरुंगात ठरलेली. सिनेमात सगळं राखाडी होतं, भिंती, कपडे, कपातला चहासुद्धा. फक्त मंत्र्यांचे दात पिवळेधमक. एक म्हातारा जिवंत असल्याचा दाखला मागायला कचेरीत जातो. कारकून म्हणतो, "आधी मेल्याचा अर्ज भरा. तो नामंजूर झाला की तुम्ही जिवंत."

ताईनं चार दिवस विचार करून चाळीस नावं काढली. तिचे जुने मास्तर, नोकरीवरून काढलेली मैत्रीण, छापखानेवाले काका.

"जीव गेला तरी ही माणसं तोंड उघडणार नाहीत," ती म्हणाली.

"म्हणून तर तुला विचारलं."

रविवारी दुपारी एका बंद पडलेल्या लॉन्ड्रीच्या तळघरात खेळ लावला. ताई दिवे घालवायला उठली.

"थोडा उजेड राहू दे," धाकटा म्हणाला. "वयस्कर माणसं आहेत, ठेचकाळतील."

पहिली दहा मिनिटं कुणी हूं की चूं केलं नाही. मग अर्जाचा प्रसंग आला आणि मास्तर फसकन हसले. त्यांच्यामागोमाग जवळजवळ सगळेच. मैत्रिणीच्या तर डोळ्यांतून पाणी आलं. कितीतरी वर्षांनी ही माणसं एकत्र बसून मोठ्यानं हसत होती. ताईला भरून आलं. आईच्या माघारी याला वाढवलं, त्याचं चीज झालं, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकट्यानं तिला संकलनाच्या खोलीत बोलावलं. त्याच्या शेजारी एक अनोळखी साहेब बसले होते. ते अदबीनं उठले.

"या ताई. यादी तुमची होती असं कळलं. आमचं गुप्तचर खातं तुमचं आभारी आहे."

पडद्यावर चित्र सुरू झालं. यात रंग होते. कालचं तळघर, त्यात बसलेले मास्तर, मैत्रीण, काका. एकेकाचा चेहरा समोरून, अगदी जवळून टिपलेला.

ताई पडद्यासमोर आडवी आली. "अरे, ही माझी माणसं आहेत."

धाकट्यानं तिच्यासाठी खुर्ची पुढे ओढली.

"हसणारे तेवढे ठेव," तो म्हणाला. "बाकीचे काप."