बिनगुळाचे पाणी

तेरेझाने पाण्याचा पेला पुढे केला. गुळाचा खडा मात्र दिला नाही.

सत्यवान पायरीवर बसता बसता थबकला. गेला महिनाभर दुपारच्या सुट्टीत तो पलीकडच्या पोकलेनवरून उतरून या अंगणात येत होता, आणि प्रत्येक वेळी पाण्याआधी तळहातावर गूळ येत होता. "तुझो तो लांब हात हयसर फिरव रे सत्यवाना, चार नारळ तरी पडतले," असे ती रोज म्हणे. आज थट्टाही नव्हती.

"आज गूळ नाय," ती म्हणाली. "आधी पाणी पी, नि खरा सांग."

भिंतीपलीकडे मशीनचा अठरा मीटरचा हात माडांच्याही वर स्तब्ध उभा होता. तिथे होणाऱ्या हॉटेलच्या तळघरासाठी खणलेला खड्डा इतका अरुंद आणि इतका खोल होता, की मशीन आत उतरवता येत नव्हते. ज्या तळाला आपले पाऊल कधीच लागणार नाही, तिथली माती सत्यवान काठावरून दिवसभर वर आणीत असे. वॉकीटॉकीवर त्याला 'ऑपरेटर' म्हणत. नावाने हाक मारणारे माणूस त्याला मालवणात एकच होते.

त्याने पेला हातातच धरला. "काय झाला, माय?"

"आयतवारी वेनेसा इली," तेरेझा म्हणाली. वेनेसा तिची मुलगी, म्हापशाला राहणारी. "कढी तोंडात घातल्यान नि थाळी सारल्यान. मीठ दोनदा घातलंस, म्हणता. सोमवारी मी बघून एकदाच घातलंय. खारट. काल घालूकच नाय. तरी खारट!" तिने बोटाने स्वतःची जीभ चाचपून पाहिली, जणू ती दुसऱ्या कुणाची होती. "वेनेसा म्हणता, आज जीभ गेली, उद्या डोक्या जातला. एकटी रवू नको. उद्या गाडी घेवन येतली. घराक कुलूप."

"पाण्याचा तिका सांगितलंस?"

"ती बाटलीतला पिता. बावीचा तू नि मी, दोघांच पितंव. म्हणान तुका विचारतंय." अंगणातल्या विहिरीकडे हात करून ती पायरीच्या कडेला टेकली. "म्हातारपणाक मी भियत नाय रे. पण मीठ घातलंय काय नाय, ह्या माझा माकाच कळना, तर मगे…"



पाणी खारट आहे, हे सत्यवानला नव्याने कळायची गरज नव्हती. चार दिवस ती चव तो गुळाच्या आड लपवून गिळत होता. खड्ड्यात पाणी लागल्यापासून पंप अहोरात्र चालू होते, आणि मशीनच्या बकेटवरची माती वाळली की तिच्यावर पांढरा थर धरू लागला होता. एकदा त्याने तो बोटाने चाखूनही पाहिला होता; मीठच होते. सोमवारी इंजिनियर निलेशने सर्वांना बजावले होते, "पाण्याबद्दल शेजारीपाजारी कुणी अवाक्षर काढायचं नाही. काम थांबलं, तर ऑपरेटर दुसरा येईल."

पाणी गोड आसा, एवढे एकच खोटे बोलले की भागले असते. उद्या गाडी आली असती, दाराला कुलूप लागले असते, आणि कुणाला काहीच कळले नसते.

त्याने एक घोट घेतला. तो जिभेवर बराच वेळ ठेवला.

"माय, मीठ तू दोनदा घालूक नाय," तो म्हणाला. "पाणीच खारा झाला."

त्याने भिंतीपलीकडे बोट दाखवले.

"आमी खड्ड्यातला पाणी उपसतंव. तुझ्या बावीतला गोडा पाणी थंय जाता, नि खालसून दर्या आत येता." त्याने पेला खाली ठेवला. "मीच खणतंय, माय."

शिव्यांसाठी त्याने मान खाली घातली होती.

"म्हणजे मी खुळी जावक नाय?"

"नाय, माय."

"सोमवारी मीठ एकदाच घातलेलंय?"

"एकदाच."

तेरेझा हसू लागली. छातीवर क्रूसाची खूण करून, झग्याच्या बाहीने डोळे पुसत ती हसत राहिली. मग उठून विहिरीपाशी गेली आणि कठड्यावर दोन्ही हात टेकून आत वाकली. हसू हळूहळू ओसरले. ती तशीच वाकून राहिली. भिंतीपलीकडे पंपांची घरघर चालूच होती.

सत्यवानने आपले पिवळे हेल्मेट उचलले. उद्यापासून या अंगणात कशासाठी यायचे, हे त्याला सुचत नव्हते.

परतून आलेल्या तेरेझाच्या हातात फोन होता. कानाला कमी ऐकू येई, म्हणून ती तो नेहमी मोठ्या आवाजात लावी.

"गो वेनेसा, उद्या गाडी घेवन येव नको. माका काय एक जावक नाय. बाव खारी झाली. होय गो, बावच!"

"तुका कोणी सांगितल्यान?" वेनेसाचा आवाज अंगणभर पसरला. "थंय कोण आसा?"

तेरेझाने सत्यवानच्या हातातल्या हेल्मेटकडे पाहिले. त्यावर ठळक अक्षरांत ठेकेदाराचे नाव होते.

"कोण सांगतला? माझ्या जिभेन सांगितल्यान," ती म्हणाली. "हय कोण नाय. एकटीच आसंय मी."

आणि बोलता बोलता तिने आपले बसायचे स्टूल पायाने त्याच्याकडे सरकवले.