हद्दीबाहेरची होडी

"साहेब, आता कुणाचा माणूस असा बुडायचा नाही," म्हणत मथुरा पागधरेनं निरीक्षक केणींच्या हातावर पेढा ठेवला.

सागरी पोलिसांचा जुना कायदा कालच बदलला होता. गस्तीची बोट ठरलेल्या हद्दीपलीकडे न्यायला आता वरिष्ठांची परवानगी लागणार नव्हती. दोन वर्षांपूर्वी मथुराच्या नवऱ्याची होडी त्या हद्दीबाहेर उलटली, तेव्हा केणी परवानगीची वाट बघत थांबले होते. नंतर कायदा बदलावा म्हणून मंत्रालयात खेटे घालणारेही तेच. कोळीवाड्यानं उद्या त्यांचा सत्कार ठेवला होता.

केणींना तो पेढा खाववेना.

"वहिनी, बसा जरा," ते म्हणाले. "जुन्या कायद्यातही जीव वाचवायला हद्द ओलांडायची मुभा होती. मला ते ठाऊक होतं. बोटीचा चालक म्हणत होता, सर, निघूया. पण समुद्र खवळला होता. मी घाबरलो आणि कायद्याचं नाव पुढं केलं."

मथुरा पदर सावरत उठली.

"हे उद्या सगळ्यांसमोर सांगाल?"

केणींनी मान खाली घातली.

"सांगा साहेब. सगळे आमच्या ह्यांनाच दोष देतात. हद्दीबाहेर गेलाच कशाला, म्हणतात. माझ्या पोरीपण तेच म्हणायला लागल्यात."

दुसऱ्या दिवशी शाल पुढं आली, तेव्हा केणींनी ती बाजूला सारून आधी माइक मागितला. समोर मथुरा दोन्ही लेकींना घेऊन बसली होती.