गनीचा ओळंबा

पालीच्या शाळेत तीस वर्षं मी शिकवलं, निसर्गाचे नियम इथे जे, तेच शेवटच्या ताऱ्यावर. धाकटा भाऊ अभय एकदाच म्हणाला होता, "दादा, आधी घरात तरी नियम सारखे कर." घरातला त्याचा वाटा मी दिला नाही. तो मुंबईत भाड्याच्या खोलीत मेला.

आज घराशेजारच्या त्याच्या वाट्याच्या जागेवर गनी गवंडी चिऱ्याची भिंत चढवत होता. वारा नव्हता, तरी भिंत सरळ आहे का बघायला त्याने दोरीने सोडलेला ओळंबा माझ्या बाजूला तिरका लटकला. त्याने दोरी बदलली. तरी तसाच.

मी पलीकडे गेलो. ओळंबा तिकडे कलला.

"सर," गनी माझ्याकडे न बघता म्हणाला, "जरा लांब उभे राहा."

मी विहिरीपाशी गेलो. रहाटाला टांगलेला रिकामा पोहरा सावकाश माझ्याकडे कलला.